चाकणचा मंगळ

मोशी,
रविवार सकाळ

प्रिय रुबीना,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचून गप्प बसतेस, म्हणून शेवटी ही जुनी रीत. पत्र शहेबाजच्या हाती देते आहे. त्याला बजावून ठेवलं आहे, की बहीण वाचायला लागेपर्यंत समोरून हलायचं नाही. तुझा भाऊ माझ्या शब्दाबाहेर नाही हे तुला ठाऊक आहे, आणि त्याचा तुला थोडा रागही येतो, तेही मला ठाऊक आहे. आधी तब्येतीचं सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. मी ठणठणीत आहे. गोळ्या वेळेवर घेते, सकाळी इंद्रायणीच्या बाजूला चालून येते, भाजीत मीठ कमी घालते. लोणचं मात्र सुटलेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सोडलं म्हणून सांगितलं, तू चहाडी करू नकोस.

आपल्या मंगळाच्या मंडळींची रविवारची बैठक अजून ताथवड्याला गणराजच्या घरीच भरते. गणराज अजून तसाच आहे, कॉलेजात मुलांना शिकवतो तसं आम्हालाही फळ्यावर लिहून शिकवतो. झिशानने आपल्या गॅरेजमधला जुना पंखा लावून हेल्मेटात वारा खेळवला आहे. त्याचा आवाज असा येतो की आतल्या माणसाला बाहेरचं जग बुडालं तरी कळू नये. जानेवारीत दुसरी मोहीम करायची असं सगळे म्हणतात, पण पुढे काही सरकत नाही. तू नाहीस म्हणून बैठकीत भांडणं होत नाहीत, आणि भांडणं होत नाहीत म्हणून काही ठरतही नाही. परवा मी मुद्दाम गणराजशी पाण्याच्या टाकीवरून वाद घातला, पण तुझ्यासारखी मजा आली नाही. दोन वाक्यांत तो मला शरण आला.

आपली पहिली भेटही भांडणातलीच की. आमच्या कंपनीच्या गेटसाठी मी खरेदी विभागातून तुमच्या केबिनींच्या कारखान्यात वॉचमनची केबिन सांगितली होती, आणि तुम्ही खिडकी चुकीच्या भिंतीला काढलीत. मी तावातावाने चाकणला आले, तर शेडमध्ये तू जमिनीवर मांडी घालून वायरिंग करत होतीस. माझं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मॅडम, खिडकी बरोबर आहे, तुम्ही ड्रॉइंग उलटं धरलंय." मी ड्रॉइंग फिरवून पाहिलं, तर खरंच उलटं. त्या दिवशी तू मला चहा पाजलास आणि केबिनी दाखवता दाखवता सहज म्हणालीस, की अशा दोन केबिनी जोडल्या तर मंगळावरचं घर होईल. कोणी दुसऱ्याने असं बोललं असतं तर मी हसले असते. तुझ्या तोंडून ऐकलं आणि मी विचारलं, मग न्हाणीघर कुठे काढायचं. तिथून सुरू झालं सगळं.

तुला कधी सांगितलं नाही, पण तेव्हा माझे दिवस फार कोरडे चालले होते. पन्नाशी ओलांडलेली, एकटी बाई. कंपनी ते मोशी, मोशी ते कंपनी, रविवारी कुसुमताईकडे जेवण आणि जेवताना ताईचे तेच ते प्रश्न. आमची आई लवकर गेली, ताईनेच मला वाढवलं, शिकवलं, त्यामुळे तिला उलट बोलायची सोय नाही. तू मला एकदम मंगळावर नेऊन ठेवलंस, आणि वर मोहिमेची कप्तान केलंस. शेडच्या मागे जेसीबी लावून लाल मुरूम पसरला, गाड्यांच्या रंगकामाचे पांढरे डगले आणून त्यांचे अवकाशवेष शिवले, तुझ्या अम्मीने मटण सुकवून दिलं. गणराज शाकाहारी, त्यामुळे झिशानची चंगळ. ऑफिसात लोक विचारायचे, मॅडम हल्ली खुशीत दिसता. काय सांगणार होते मी, की चाकणला आमची वसाहत होते आहे म्हणून? त्या दोन वर्षांसाठी मी तुझी ऋणी आहे, आणि हे मी पुढचं सगळं घडलं नसतं तरी लिहिलं असतं.

नियम तुझेच होते आणि कडक होते. खोटं खोटं करायचं असेल तर भातुकली खेळा, असं तू म्हणायचीस. मंगळावरून निरोप पोचायला वेळ लागतो म्हणून आपलाही निरोप संगणकात बारा मिनिटं अडकून मगच पलीकडे जायचा. बाहेर पृथ्वी म्हणजे तू एकटी, शेडच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसलेली. आत, जोडलेल्या केबिनींत, मी, गणराज आणि झिशान. बाहेर जाणाऱ्याने वेष घालायचा, परत येताना मधल्या चिंचोळ्या खोलीत हवेचा दाब जुळेपर्यंत थांबायचं. दाब कसला नि काय, प्लायवूडची खोली आणि प्लास्टिकची खिडकी. पण आम्ही मनापासून थांबायचो. बाहेरच्यांनी आतलं थेट काही बघायचं नाही, म्हणून आमच्या विजेच्या मीटरवरही तू पुठ्ठा लावला होतास.

मोहिमेचा तो पाचवा दिवस तुझ्या बाजूने कसा गेला ते मला शहेबाजने नंतर सांगितलं. माझ्या बाजूने कसा गेला ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही, तेव्हा आता सांगते. गणराज आणि झिशान मुरमावर दगड गोळा करायला गेले होते. मी आत एकटी. चहाची वेळ झाली म्हणून उठले आणि छातीवर कोणीतरी जातं ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड, अंगाला दरदरून घाम. दाराला आतून साधी कडी होती, रुबीना. दार उघडून हाक मारली असती तरी तू ऐकली असतीस. पण मी काय केलं, तर संगणकापाशी गेले आणि रीतसर निरोप लिहिला. विषय: वैद्यकीय. तातडी: मध्यम. मध्यम अशासाठी, की 'अति' लिहायचं तर तिघांची संमती लागते असा नियम होता, आणि दोघे तर बाहेर होते. निरोप पाठवून मी खुर्चीत बसून राहिले, उत्तराची वाट बघत.

लोक विचारतात, अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस. त्यांना मी हसून टाळते, पण तुला खरं सांगते. मला दार उघडायची भीती वाटत होती. पाच दिवसांत माझ्या डोक्याने मानूनच टाकलं होतं की बाहेर हवा नाही. कडीकडे बघत होते आणि वाटत होतं, उघडली तर मी मरेन. दुखणं खरं होतं आणि मंगळही खरा होता, दोन्ही सारखेच खरे. झिशान तेवढ्यात परत आला. मधल्या खोलीच्या प्लास्टिकमधून त्याने मला पाहिलं, माझा रंग उडालेला पाहिला, आणि तोही दाब जुळायची वाट बघत उभा राहिला. बिचारा तोंडाने आकडे मोजत होता. त्या पोराला अजून त्याची इतकी लाज वाटते की माझ्या घरी आला की डोळे वर करत नाही.

आणि मग बाहेरचं दार उघडलं. उघडलं म्हणजे तू ते बिजागरीतून हलवलंसच. चपला घातलेल्या, पायाला लाल मुरूम, डोक्यावरची ओढणी खांद्यावर आलेली. माझा निरोप अजून तुझ्यापर्यंत पोचलेलाही नव्हता. तो संगणकात अडकलेला होता. मी तुला बघून काय म्हणाले आठवतं? "अगं, हेल्मेट कुठे आहे तुझं?" तू म्हणालीस, "खड्ड्यात गेलं हेल्मेट, विजू, ऊठ." शहेबाजने टेम्पो काढला. चाकणच्या चौकात नेहमीसारखी गाड्यांची रांग लागलेली, तर तू खाली उतरून हातवारे करत कंटेनरवाल्यांना बाजूला सारत पुढे चालत होतीस, एवढं मला आठवतं. त्यानंतरचं आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. स्टेंट टाकला आणि मी वाचले. तुझ्यामुळे वाचले. हे वाक्य मी तुला तोंडाने म्हणायला हवं होतं, पण तू समोर आलीच नाहीस.

तू का आली नाहीस ते मला दोन वेगवेगळ्या माणसांकडून कळलं. पहिलं शहेबाजकडून. तू मीटरवरचा पुठ्ठा रोज चारच्या सुमारास गुपचूप उचलायचीस. आत मी विजेची किटली लावली की मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकायला लागायचा, आणि तो दिसला की तूही थर्मासमधला चहा ओतायचीस. सोबत म्हणून. त्या दिवशी दिवा सावकाशच लुकलुकत राहिला. तू थोडी थांबलीस, पुन्हा पुठ्ठा उचललास, आणि धावत सुटलीस. हे गणराजला कळलं तेव्हा तो तुला तोंडावर म्हणाला म्हणे, की मग पाचही दिवसांचं काम बाद, पृथ्वीने चोरून बघितलं. मी दवाखान्यात पडलेली आणि हा बाबा नियमावर बोट ठेवून बसलेला. घरी आल्यावर मी त्याला असं काही झापलं आहे की माझ्याशी वाद घालायला अजून बिचकतो. पण त्यालाही फार वाईट म्हणू नकोस. घाबरलेला माणूस जे हातात सापडेल ते धरतो, त्याच्या हाती नियम सापडला. मला मात्र तो पुठ्ठा आठवला की हसू येतं आणि मग रडू येतं. मला वाटायचं आत चहा मी एकटी पिते आहे.

दुसरं कळलं ते खुद्द ताईकडून, तेही गेल्याच आठवड्यात. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती तुला काय बोलली ते तिने स्वतःच मला सांगितलं. "ही समदी खुळं तुझी हायत. माझ्या भनीला डब्यात कोंडून मारायला निघालीस व्हय?" तू मान खाली घालून निघून गेलीस, असं ती म्हणाली. तुझा स्वभाव मला माहीत आहे. खिडकीवरून माझ्यासारखीशी भांडणारी बाई असं बोलणं मुकाट्याने ऐकून घेते, म्हणजे ते तिला पटलेलं असतं. त्या दिवसापासून तू हेच धरून बसली आहेस ना, की विजूला मीच आत घातलं? अगं, माझ्या हृदयातली नळी काय मंगळावर जाऊन तुंबली? ती तुंबायचीच होती. मोशीच्या फ्लॅटमध्ये एकटी असताना तुंबली असती, तर बाहेर टेबल टाकून कोण बसलं असतं माझी चहाची वेळ बघत?

आता पत्राचं खरं कारण सांगते. डॉक्टरांनी मला चालत्या पट्ट्यावर पळवून पाहिलं आणि जानेवारीत आत जायला हरकत नाही म्हणाले. डॉक्टरांचं सोपं होतं, ताईला कसं विचारायचं याची धास्ती होती. गेल्या रविवारी जेवताना हिय्या करून विषय काढला. आता ताट भिरकावते अशी माझी तयारी होती. ताई भाकरी मोडत राहिली. मग दवाखान्यातलं ते सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "जायचंच असंल तर जा. पर भायेर ती बसलेली पायजे. ती नसंल तर न्हाई जायाचं. दुसऱ्या कुनावर माझा भरवसा न्हाई." रुबीना, माझ्या ताईने आजवर कोणाची माफी मागितलेली मी पाहिलेली नाही, आणि ही माफीच होती. आज संध्याकाळी ती स्वतः माझ्याबरोबर चाकणला यायला निघाली आहे, तुझ्या घरी. चपला घालून दारात उभी आहे आणि पत्र किती लांबवतेस म्हणून मला ओरडते आहे, अजून दुपारही झालेली नाही तरी. तू हो म्हण किंवा नाही म्हण, ती तुझ्या दाराशी येणार आहे. एवढंच कर, दार उघड.

सदैव तुझ्या ऋणात आणि तुझ्याशी भांडायला आसुसलेली,
तुझीच
विजू