खोबणीतला ठिपका

ता. १७ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोकलाही गेला. भाऊजींच्या पायाची जखम कुठल्याच प्रतिजैविकाला दाद देत नाही, हे वाचलं आणि पत्र चार दिवस ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. रागावू नकोस.

इथे प्रयोगशाळेत नुसतं कौतुक चाललंय. सर परवा पाहुण्यांना आमचं ते चित्र दाखवत होते. जिवाणूचं प्रथिन, जे प्रतिजैविकाचे तुकडे करतं, आणि त्याच्या खोबणीत अडकून त्याला निकामी करणारं आमचं नवं औषध. टाळ्या झाल्या. मी मागच्या दाराने बाहेर पडले. तेच चित्र तू फ्रेम करून लावलंयस ना? काढ ते.

सांगतेच आता. प्रथिनाचे स्फटिक गोठवण्याआधी आम्ही ग्लिसरीनमध्ये बुडवतो, आत बर्फ धरू नये म्हणून. मग क्ष-किरणांवरून अणूंचा नकाशा मिळतो. त्यात खोबणीत एक ठिपका दिसला, एवढासा. औषध त्याच्या चौपट मोठं.

"सर, हे ग्लिसरीन असणार," मी म्हटलं.

"आठ वर्षं काय ग्लिसरीन बघायला घालवली आपण? औषधच आहे ते. बसव."

नुसती सरांची किळस आली असती तर बरं होतं गं. पण बसवलं मी. दोन दिवस संगणकापुढे खपून, त्या नकाशात, उशीच्या अभ्र्यात गादी कोंबावी तसं, वळवून, दुमडून. मावेना तो भाग "हलता असल्यामुळे दिसत नाही" असं लिहून मोकळी झाले. वर हसत फोटोही काढला. स्वतःच्या हातांची शिसारी येते मला.

जूनमध्ये औषध तेच ठेवून ग्लिसरीनऐवजी दुसरं द्रावण वापरून पाहिलं, कुणाला न सांगता. खोबण रिकामी होती. तेव्हापासून गप्प आहे.

आणि तू लिहितेस, भाऊजी डॉक्टरांना म्हणाले, "माझ्या मेहुणीचं औषध येतंय, तोवर पायाला सुरी लावू देणार नाही." ताई, काहीही येत नाहीये. ते औषध तिथे बसतच नाही.

ज्यांनी आमचा लेख छापला त्यांना आज सगळं कळवलं. सर मला ठेवणार नाहीत, ते बघू पुढे.

भाऊजींना हे पत्र वाचून दाखव. मनसोक्त शिव्या घालू देत. पण ऑपरेशनच्या कागदावर आजच्या आज सही करा. पाय जाईल, माणूस राहील.

तुझी, अजून म्हणवून घेणार असशील तर,
धाकटी