दगडाबाईचा वाफा

रविवार, ९ नोव्हेंबर

फादर सुदर्शननी आज दगडाबाईला बागेतून काढलं. चर्चमधली मिस्सा, रविवारची उपासना, संपल्यावर, सगळ्यांसमोर. "दगडाबाई उद्यापासून बागेत येणार नाहीत. त्यांचा वाफा केसरबाई बघतील." संपलं. लगेच पुढची सूचना, मुलांच्या धर्मशिक्षणाची.

चर्चच्या जागेत भाजीच्या बागा लावणाऱ्या आमच्या संस्थेचे ते अध्यक्ष, मी संचालक. मला एका शब्दानं विचारलं नाही!

दगडाबाई दाराबाहेर उभी होती. ऐकलं, पदर सावरला, गेली.

सोमवार, १०

रात्रभर तेच डोक्यात. पडेगावच्या चर्चमागची ही जागा म्हणजे निव्वळ मुरूम होता. पहिल्याच उन्हाळ्यात चर्चच्या बायका कंटाळून घरी बसल्या. दगडाबाई ही शेजारच्या वस्तीतली बौद्ध बाई, चर्चशी देणंघेणं नाही — डोक्यावर शेणखत आणून टाकत राहिली. तिला बघून बाकीच्या परत आल्या. तिथून पुढं बाकीच्या चर्चांत बागा झाल्या. आमच्या माहितीपत्रकावर पहिला फोटो तिचाच. फोटोला चालते. वाफ्याला चालत नाही!

ऑफिसात विचारलं, "फादर, कारण सांगा."

"सांगता येत नाही."

"ती ख्रिस्ती नाही म्हणून? कुणी कुरकुर केली?"

चष्मा पुसत बसले. "मोनाली, एवढं माझ्यावर सोड."

नाही सोडणार.

बुधवार, १२

त्यांच्याशी बोलले नाही. चहासुद्धा वेगळा घेतला.

शुक्रवार, १४

बागेत गेले. केसरबाई दगडाबाईच्या मेथीला पाणी देत होती. तिला झापलं. तुम्हा सगळ्यांना तोंड नाही का, म्हटलं. "फादरचं फादरला ठाऊक, ताई. मी नुसतं पाणी घालती." खाली मान.

तिथून दगडाबाईच्या घरी. तिची मुलगी अपेक्षा दारातच उभी राहिली. "आई पैठणला गेलीय, मामाकडं." आतून दगडाबाईचा खोकला मला स्पष्ट ऐकू आला. इतकी दुखावलीय की मला तोंड दाखवायचं नाही. आणि हे सगळं कुणामुळं?

विश्वस्तांना सगळं लिहून पाठवलं. एक शब्दही मऊ केला नाही.

मंगळवार, १८

बैठक झाली. विश्वस्तांनी फादरना विचारलं, असं का केलं? "निर्णय माझा होता. चुकीचा वाटत असेल तर पद सोडतो." बस, एवढंच! ज्या माणसानं गावोगावच्या चर्चांत फिरून, पायऱ्यांवर बसून लोकांना समजावलं की जमीन देवाची आणि भाजी शेजाऱ्याची, त्याला आज स्वतःच्या बाजूनं चार वाक्यं बोलता येईनात. दया नाही आली मला. संताप आला.

राजीनामा मंजूर. रविवारी चर्चमध्ये दगडाबाईची नाव घेऊन माफी मागायची, असं ठरलं. मजकूर मी लिहिते म्हटलं.

रविवार, २३

माफीचा मजकूर मीच वाचला. "दगडाबाई या चर्चच्या कुटुंबातल्याच आहेत. त्यांना बाहेर काढणं हे पाप होतं." टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला. मीही सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर टाकला — बघू देत गावाला.

फादर शेवटच्या बाकावर बसले होते. जाताना म्हणाले, "तिला आधी विचारलं होतंस?"

अजूनही मलाच प्रश्न!

दगडाबाई आली नव्हती.

मंगळवार, २५

दगडाबाई ऑफिसात आली. खुर्ची दिली, बसली नाही.

"फादरला मीच म्हणलं व्हतं, मला काढा म्हणून. सगळ्यांम्होरं काढा. अपेक्षाची सोयरीक चालू व्हती, फुलंब्रीला. पाव्हणे इचारीत व्हते, आई बाटली, किरिस्ताव झाली का काय. फादर ऐकंनात. मी पाया पडले. कुणाला सांगू नका, अशी शपथ घातली."

मी म्हटलं, मग आता?

"तुमचा व्हिडिओ पोचला तिथवर. काल नाय म्हणून कळवलं त्यांनी."