आप्पांच्या खिशातला बल्ब

आप्पा,

शर्ट धुताना आईला तुमच्या खिशात एक बारका बल्ब सापडला. देवदत्त सरांच्या दुबईच्या गाडीतला, एअरबॅग बिघडली की पेटणाऱ्या खुणेचा. काल तुम्ही म्हणालात, "बघ रं, दिवा इझला का न्हाई?" मीही लय कौतुक केलं.

आवं, दिवा विझला, बिघाड तसाच आहे. तीन दिवस मी तपासलं होतं, वायर धड होती. म्हणजे पुढचा धडकेचा सेन्सरच मेलाय, फुगा उडवणाऱ्या सीटखालच्या पेटीला काही कळवत नाही. गाडी आदळली तरी फुगा निवांत झोपून राहील.

सर सहालाच लेकीला, सईला घेऊन कुंभार्ली घाटानं चिपळूणला निघालेत. त्यांच्या घरचा फोन नुसता वाजतोय. मी लूना घेऊन मागं जातोय. चाळीसच्या वर गेली की ती स्वतःच घाबरते. सर वाटेत चहालाही थांबत नाहीत. सईला गाडी लागते, तेवढीच आशा. आई देवापुढं बसलीय, तिला म्हणावं, पोरीला कराडच्या अलीकडंच भरपूर उलट्या होऊ देत असं माग.

बल्ब तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवलाय. कुणी विचारलं तर तो मी काढला म्हणा. गॅरेजच्या पाटीवर नाव तुमचं आहे.

सुमंत