सुकवंताबाईची दाढ

मंगळवार, संध्याकाळ

डोकं भणभणतंय. आज उपकेंद्रात परदेशी पाहुणे आले होते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीला मदत त्यांचीच, म्हणून मी सकाळपासून टेबल आवरत होते.

रक्त तपासायला आलेल्या सुकवंताबाईचा गाल टम्म सुजलेला. दाढ. पाहुण्या बाईंनी दुभाष्याकरवी तिला विचारलं, "तुम्हाला काय हवं?"

"सारे माह्यं रक्त पाहून राहिले. माही दाढ काऊन कोणी पायत नाही?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "त्याची सोय इथे नाही," मी म्हणाले. बाहेर पाटीवर मात्र 'सर्वसमावेशक आरोग्यसेवा'. मग खोटं कोण, पाटी की मी? पण तपासणी नको, असं तरी कसं म्हणू? सुकवंताबाईच्याच नातवाचं दुखणं या तपासणीमुळे वेळेत कळलं. आणि तरी ती दाढ...

पाहुणे गेल्यावर तिला स्कूटीवर बसवून देवरीच्या दवाखान्यात नेलं. दाढ काढली. परतताना तोंडात कापूस धरून ती म्हणाली, "मॅडम, त्या बाईच्या देशात दाढ दुखली तं कोण पायते?"

"माहीत नाही," म्हटलं. खरंच माहीत नाही.

घराशी उतरून म्हणाली, "उद्या माह्या बुढ्याले पाठवतो. त्याचे डोळे पाहून दे."

हो म्हणून बसले. का म्हटलं?