गुरुवारचा ऊद

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी १९०, संध्याकाळी १७०.

उभं राहायचं. छाती भरून श्वास घ्यायचा. श्वास मोजायच्या यंत्राची नळी ओठांत घट्ट धरायची आणि एकदम फुंकायचं — जीव खाऊन! काटा थांबेल तो आकडा लिहायचा. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर लिहा. आकडे नाही चढले तर घरीच ऑक्सिजन लावावा लागेल."

शाळेत सिस्टर बर्नडेट पेटती मेणबत्ती तोंडासमोर धरून गायला लावायच्या. ज्योत हलली की पुन्हा पहिल्या ओळीपासून. माझी कधी हलली नाही! आता फुंकाच म्हणतात, तर फुंकर निघत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर? सिगरेट? चूल? छे, म्हटलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

१८०.

ऊदवाले चाचा आले. एका हातात धुपाटणं, दुसऱ्यात मोरपिसांचा पंखा. सासऱ्यांच्या वेळेपासून दर गुरुवारी. खाली आमचं कापडाचं दुकान होतं तेव्हा आधी गल्ला, मग ठाणांची कपाटं, मग वर घरात. दुकान गेलं. हे गेले. चाचा जिना चढतातच.

हे डोळे मिटून धुरात उभे राहायचे. आता फोटोसमोर चाचा दोनदा पंखा फिरवतात — "साब को दो बार होना."

सासूबाई म्हणायच्या, ऊदाने छाती मोकळी होते. मीही अगदी जवळ जाऊन खोल श्वास घेतला.

८ नोव्हेंबर

११०. बोलवत नाही. दम्याचा पंप घेऊनही नाही.

१२ नोव्हेंबर

पुन्हा १८०. आनंद कसला? उतरणारच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

श्रुती अंबरपेठहून नेमकी आज आली. चाचांचा धूर घरभर. ते जिना उतरतात न उतरतात तोच —

"आई! डॉक्टरांना धूर नाही म्हणालीस ना? मग हे काय?"

"हा ऊद आहे."

"अच्छा! आणि ऊद काय जळत नाही?"

मला हसू आलं. हसता हसताच दम लागला. लेकीने पंप तोंडाशी धरला, पाठ चोळली. जाताना म्हणाली, "पुढच्या गुरुवारी तू सांग, नाहीतर मी सांगते. आणि मी गोड बोलणार नाही."

तिला कसं सांगू! आठवड्यातून एकदा त्या धुरात ह्यांचे खांदे दिसतात मला. तेही बंद करायचं. मग उरतं काय — आकडे?

१५ नोव्हेंबर

१००.

श्रुतीचंच खरं. इतके दिवस मीच दार उघडून आत घेत होते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

ह्यांचा जाळीचा स्वेटर काढून हुंगला. कपाटाचा वास. बाकी काही नाही.

औषधं घ्यायची, फुंकायचं, लिहायचं. कोणासाठी ते कळत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

चाचांना दारातच सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. "हौ अम्मा. नक्को तो नक्को." धुपाटणं बाहेर जिन्यावर ठेवलं आणि ह्यांच्या फोटोसमोर नुसता पंखा दोनदा फिरवला.

टेबलावरचं यंत्र बघून म्हणाले, "ये क्या है जी, बाजा? मैं बी फूंकूं?"

नवी नळी लावून दिली. त्यांनी जीव खाऊन फुंकलं. काटा जेमतेम हलला. ८०. खोकले, पुन्हा फुंकलं. ८०.

"खराब हो गया क्या, अम्मा?"

मी पाठमोरी होऊन नळी बदलून फुंकलं. यंत्र ठीकच होतं — १८०.

"हौ," म्हटलं, "खराब है. शनिचर को डॉक्टर को दिखाना है. आपीच उठा के ले चलो, चाचा. मेरे अकेली से नहीं होता."