बाबांचं ९४

३ फेब्रुवारी, सोमवार. सायंकाळी ७.
१. बाबा सकाळी दूध आणायला खाली गेले.
२. दुसऱ्या मजल्यावर परत येताना जिन्याच्या वळणावर बसले.
३. बावीस मिनिटं उठता आलं नाही. फुप्फुसांचा आजार जुना, हे नवीन.
४. फिजिओथेरपिस्टने व्यायाम सांगितला. नाकाने श्वास आत, ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर. जमेल तेवढंच. सूचना फारच ढोबळ.
मी लॅबमध्ये प्रेशर गेज कॅलिब्रेट करते, म्हणजे त्यांचे काटे अचूक करते. दोन फुप्फुसं जमायला हरकत नाही. उद्दिष्ट: महिनाअखेर छत्तीस पायऱ्या, न थांबता.

५ फेब्रुवारी, बुधवार.
बाबांच्या मोबाइलवर बीप लावून दिला. आत दोन सेकंद, बाहेर चार. बाहेरचा वेळ रोज पाव सेकंद वाढेल. फ्रिजवर तक्ता. सकाळचा सराव माझ्यासमोर. दुपारचा बाबांनी करून, बोटाला ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजनचा आकडा लिहायचा. बाबा तीस वर्षं गॅरेजमध्ये गाड्यांना स्प्रे मारायचे. म्हणाले, आमचा कंप्रेसर असाच बोंबलायचा, शेवटी बसला तो बसलाच. विषयाला सोडून बोलतात.

९ फेब्रुवारी, रविवार.
रोज ९४. फरक शून्य. गेजने असं रीडिंग दिलं तर मी काटा अडकलाय म्हणते. इथे मात्र पद्धतीचं यश आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७.१५.
बाहेर सहा सेकंद! बाबांचे ओठ निळसर वाटले. खोलीतला बल्ब फार पांढरा आहे. पिवळा लावला. आई म्हणाली, आता माझ्या डोळ्यांतलाही बल्ब बदल, म्हणजे मलाही दिसायचं बंद होईल. 

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ४.
लवकर घरी आले. तक्त्यात येत्या शुक्रवारपर्यंत ९४ भरलेलं. आज सोमवार आहे.
बाबांना विचारलं. म्हणाले, ८९ सांगितलं की तू जेवत नाहीस गं.
ऑक्सिमीटर लावला. ८७. माझ्या बोटाला ९८. उपकरण ठीक आहे.
बीप बंद करते म्हटलं. आई म्हणाली, तू ऑफिसला गेलीस की बंदच असतो, तेवढाच त्यांना श्वास मिळतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
डॉक्टरांनी इनहेलर बदलला, घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. फिजिओथेरपिस्टने विचारलं, बीप कुणी लावायला सांगितला? श्वास ज्याचा, वेग त्याचा; रेटून बाहेर काढायचा नसतो. मी वहीत लिहून घेतलं. 
येताना छत्तीस पायऱ्यांना पाच थांबे. मी मोजत होते. तिसऱ्या थांब्यावर बाबा म्हणाले, मनात मोज.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
तक्ता काढला. सकाळभर बाबांच्या शेजारी बसले. हातांचं काय करायचं कळेना. दोनदा हात घड्याळाकडे गेले, परत आणले. तोंडाने विचारणं जमलं नाही, म्हणून खालचा मजकूर कागदावर लिहून त्यांच्या उशाशी ठेवला आहे.

बाबा,
तुम्ही श्वास घेत असताना मी शेजारी बसू की खोलीबाहेर थांबू, हे मला कळत नाही. तुम्हाला काय बरं वाटेल ते रविवार, २३ तारखेपर्यंत कळवा. लिहून दिलं तरी चालेल, बोलताना दम लागतो. कृपया खरं लिहा.