बाबांच्या पट्ट्याचं माप

सक्करदरा, नागपूर
१२ नोव्हेंबर

चि. साहिल,

तुझ्या ताईचा आशीर्वाद. तू आणि रितिका पुण्यात बरे असाल. इकडे थंडी सुरू झाली, कळमन्याच्या बाजारात संत्रा आला, आणि बाबांनी माझं डोकं फिरवलं आहे. फोनवर हे बोलता येत नाही, ते बाजूलाच कान देऊन बसलेले असतात. म्हणून पत्र.

माझ्या चामड्यावरच्या नक्षीकामाला आजवर "चामडं कुटणं" म्हणणारा हा माणूस दसऱ्याला म्हणाला, "मले एक नक्षीचा पट्टा बनवून दे वं." मी हरखलेच. लगेच कमरेचं माप घेतलं. संत्र्याच्या पानांची वेल काढायचं ठरवलं.

आणि वाद सुरू झाला. चामडं आधी ओलं करायचं, मग नक्षी उठवायची, रंग द्यायचा, तेल लावायचं. ठोकताना ओलं चामडं ताणलं जातं, म्हणून टोक कापणं आणि भोकं पाडणं अगदी शेवटी. पण बाबांचं एकच, "पहिले भोकं पाड, फुलंपानं मंग काढत बस." मी समजावते, ते मान हलवतात, आणि चहा झाला की पुन्हा तेच! एकदा मी भाजी आणायला गेले, तर काम लवकर व्हावं म्हणून बाबांनी कोऱ्या पट्टीला तेलच चोपडून ठेवलं. तेलकट चामडं पाणी पीत नाही, त्यावर नक्षी बसत नाही. पट्टी वाया गेली.

मी ओरडले, "इतकी घाई काहून आहे तुम्हाले?"

"पँट सुटून राहिली वं," ते म्हणाले आणि सदरा वर केला. कमरेला सुतळी बांधली होती.

मी टेप लावला. दसऱ्याच्या मापापेक्षा चांगली चार बोटं कमी. तर म्हणतात, "तुझा टेप खराब आहे."

दवाखान्यात न्यायलाही भांडावं लागलं. साहिल, आतड्यात गाठ आहे. वीस तारखेला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, पण नक्की काय ते पोट उघडल्यावरच कळेल. परत येताना ऑटोत बाबा म्हणाले, "साहिलले सांगू नको. तसाही तो माह्याशी बोलते कुठं?" तुझ्या लग्नानंतर तुम्ही दोघांनी धरलेला हा अबोला मी किती दिवस वाहायचा रे? तिकडचं त्यांना सांगते, इकडचं तुला. मी काय पोस्टमन आहे?

पट्टा नव्या पट्टीवर केला. काल भोकं पाडायला बसले. आजच्या कमरेप्रमाणे खुणा केल्या, तर त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि पार टोकाकडे, आपल्या जुन्या मापापर्यंत खुणा करत गेले.

"इथंबी पाड. मी काय असाच वाळलेला राहीन का?"

मी पाडली. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कामात लुडबुड न करता पट्टी नीट धरून ठेवली.

तर आता मी तुला सांगितलं आहे. एकोणीसला ये. रितिकाला घेऊन ये. ते तोंड फिरवतील, टोमणे मारतील, तू उलट बोलायचं नाही. त्यांच्याशी भांडायचं काम माझं, ते मी करीन. पण ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर मला एकटीला बसवू नकोस.

तुझी, अजून रागातच असलेली,
मिनलताई